‘आबा फोन घेऊन टाकतील’: मुलांच्या मोबाईलबद्दल थोडं सविस्तर

कापूस वेचणीचे दिवस होते. मधल्या सुट्टीत दहावीतला एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत येईना आणि जाईनाही. मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. असं घुटमळणाऱ्या पोराची वही अपुरी असते नाहीतर पोट दुखत असतं, एवढं इतक्या वर्षांत कळायला लागलंय. पण "काय व्हयनं रे?" म्हणून विचारलं, तर याच्या डोळ्यांतून पाणीच. शाळेमागच्या निंबाखाली नेऊन बसवलं, पाणी दिलं, तेव्हा एकेक बाहेर पडू लागलं.

इन्स्टाग्रामवर एका मुलीची रिक्वेस्ट आली होती. दोन दिवस गप्पा झाल्या, तिसऱ्या रात्री व्हिडिओ कॉल. कॉल संपल्यावर पाच मिनिटांत त्याच कॉलचं रेकॉर्डिंग त्याच्याकडे आलं. सोबत त्याचे मित्र, चुलतभाऊ, एक सर अशा सगळ्यांच्या प्रोफाईलचे स्क्रीनशॉट आणि खाली एक ओळ: पैसे टाक, नाहीतर यांना सगळ्यांना पाठवतो. घरात नुकतेच कापसाचे पैसे आले होते. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, फोनचा पिन त्याला ठाऊक होता, कारण घरातला रिचार्ज, लाईटबिल सगळं तोच भरतो. नऊ दिवसांत त्याने तीनदा पैसे पाठवले. दर वेळी समोरचा म्हणायचा, हे शेवटचं.

"पहिल्याच दिवशी घरी का नाही सांगितलंस?"

"मॅडम, आबा फोन घेऊन टाकतील ना."

मारतील ही भीती त्याने नंतर सांगितली. आधी फोन जाण्याची. त्या फोनमध्ये त्याचे मित्र होते, क्लासचा ग्रुप होता, पोलीस भरतीच्या व्हिडिओंची यादी होती. तो गेला की त्याचं जगच गेलं असतं. म्हणून नऊ दिवस तो एकटा जळत राहिला. त्या भामट्याच्या हातात रेकॉर्डिंग होतं हे खरं, पण त्याचं खरं भांडवल म्हणजे या पोराचं गप्प बसणं. आणि ते भांडवल आपण मोठ्यांनीच त्याला पुरवलं होतं. उठता-बसता "थांब, फोनच घेऊन टाकतो" म्हणून.

मुलांच्या मोबाईलच्या सवयींवर पालक मला नेहमी विचारतात: किती तास द्यावा, कोणतं ॲप बरं, कुलूप कसं लावायचं? हे सगळं पुढे सांगतेच. पण प्रत्येक उपाय मी एकाच कसोटीवर घासून पाहते. याने काही बिघडलं तर पोरगं आपल्याकडे येईल की आपल्यापासून पळेल?

सुटत का नाही?

भाजलेल्या शेंगा खाताना एखादा दाणा खवट निघतो. तोंड बिघडतं. पण आपण थांबत नाही, उलट चव घालवायला लगेच दुसरी शेंग फोडतो. ती चांगली निघाली की अजून एक. असं करत करत टोपलीत नुसती टरफलं उरतात. सगळेच दाणे खवट असते तर दुसऱ्या शेंगेलाच हात आखडला असता. सगळेच सारखे गोड असते तरी मन लवकर भरलं असतं. पुढचा दाणा कसा निघेल हे ठाऊक नसतं, म्हणून हात थांबत नाही. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात प्राण्या-पक्ष्यांवर प्रयोग करून हेच दाखवलं. टोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळण्याऐवजी कधी मिळतो, कधी नाही असं केलं, की कबुतर टोच मारतच राहतं. रील्स बघताना पोराचा अंगठा हेच करत असतो. दोन रटाळ, एक झकास, तीन रटाळ, मग एक पोट धरून हसवणारी.

शेंगांची टोपली निदान संपते तरी. फोनची संपत नाही, आणि ती संपू नये अशी सोय मुद्दाम केलेली आहे. पूर्वी वेबसाईटचं पान खाली जाऊन संपायचं, ‘पुढचं पान’ दाबावं लागायचं. त्या दाबण्यात क्षणभर उसंत मिळायची, बस झालं आता, असं मनात यायला जागा असायची. २००६ मध्ये अझा रास्किन या तंत्रज्ञाने अशी रचना बनवली की पान संपायच्या आधीच पुढचं येऊन चिकटतं. आपल्या पंगतीत वाढपी कितीही "घ्या, घ्या" करत आला तरी पानावर हात आडवा धरता येतो. इथे हात आडवा धरायला जागाच ठेवलेली नाही. पुढे रास्किन यांनी स्वतःच्या या शोधाबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली.

तिसरी गोष्ट मुलांना सांगितली की ती खरोखर चमकतात. ॲप तुम्हाला काय आवडतं हे विचारत नाही, तुमचा अंगठा कुठे थांबला ते मोजतं. सारंगखेड्याच्या घोड्यांचे व्हिडिओ बघणारा मुलगा एका मारामारीच्या व्हिडिओवर नुसता दचकून चार सेकंद थांबला, तरी त्याच्या पुढ्यात आणखी मारामाऱ्या येऊ लागतात. मन उदास असताना एखादी मुलगी रडक्या व्हिडिओवर थांबली की रात्रभर तिला तसलेच व्हिडिओ वाढले जातात, आणि तिला वाटतं सगळं जगच असं आहे. हे बदलता येतं. नको असलेल्या व्हिडिओवर बोट दाबून धरायचं आणि ‘रस नाही’ निवडायचं. इन्स्टाग्राममध्ये तर साऱ्या शिफारशी पुसून नव्याने सुरुवात करायची सोय आहे. मी वर्गात हे करून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलं पुढे येऊन बसली होती.

स्नॅपचॅटवरची ‘स्ट्रीक’ हाही असाच एक फास. दोघांनी रोज, चोवीस तासांच्या आत, एकमेकांना फोटो पाठवला तर नावापुढे ज्वाळेचं चिन्ह आणि दिवसांचा आकडा वाढत जातो. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. नववीतली एक मुलगी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामाच्या गावी निघाली. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, तिथे रेंज नाही. स्ट्रीक तुटू नये म्हणून तिने आपला पासवर्ड मैत्रिणीला देऊन टाकला. परत आली तोवर मैत्रिणीचं आणि तिचं बिनसलं होतं. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

किशोरवयात मेंदूचा मौजमजा आणि धाडस शोधणारा भाग आधी जोरात येतो. थांब, विचार कर, असं सांगणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पुरता तयार होतो. बैलं जोरात आहेत, पण कासरा धरणारा हात अजून कोवळा आहे. अशा हातात कुणी उधळणारी बैलं दिली तर दोष त्या हाताचा कसा? म्हणून "तुला काही मनाचा ताबा आहे की नाही" हे वाक्य मी बोलायचं सोडलं. मनावर हवाला ठेवण्यापेक्षा आजूबाजूची मांडणी बदललेली बरी. व्हॉट्सॲपवर घरच्यांचे आणि शाळेचे मेसेज सोडून बाकी सगळ्यांचा आवाज बंद. रील्सचं ॲप पहिल्या स्क्रीनवरून उचलून आतल्या कोपऱ्यात. बोटाला सवयीने जिथे सापडायचं तिथे ते सापडलं नाही, की ती क्षणभराची उसंत परत मिळते.

एका पालकसभेत मी सगळ्यांना फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडायला सांगितलं. दिवसभरात कोणतं ॲप किती वेळ चाललं याचा हिशोब तिथे असतो. मुलांनी आपला आकडा कागदावर लिहिला, पालकांनी आपला. मग कागद अदलाबदल केले. जिनिंगमध्ये काम करणारे एक वडील बराच वेळ दोन्ही कागदांकडे बघत होते. मुलाचे चार तास होते, त्यांचे पाचाच्या वर. खोलीत कुणी काही बोललं नाही. मग तेच म्हणाले, "आधी माझंच कमी करावं लागेल." त्या दिवसापासून त्यांच्या घरात या विषयावरचं भांडण थांबलं, असं तो मुलगा मला नंतर सांगत होता.

रात्र

दिवसा किती वेळ फोन बघितला यापेक्षा रात्री तो कुठे होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अंधार पडला की मेंदूतली एक बारीकशी ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. शरीराला तो सांगावा असतो: रात्र झाली, आवरा. किशोरवयात हा सांगावा मुळातच उशिरा येतो, म्हणून दहाला तुम्हाला जांभया येत असताना पोरगं टक्क जागं असतं. तो काही त्याचा हट्ट नव्हे. त्यात डोळ्यांसमोर उजळ स्क्रीन आली की सांगावा आणखी लांबतो. उजेडापेक्षाही जागवतं ते आतलं भांडण. ग्रुपवर कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं, आणि त्याला काय उत्तर आलं हे बघितल्याशिवाय झोप लागत नाही.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्रीची ८ ते १० तास झोप लागते. आमच्याकडे खेड्यांतून एसटीने येणारी मुलं पावणेसहाला उठतात. एक वाजता फोन ठेवणारं पोरगं पाच तासही झोपत नाही, आणि माझ्या पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपतं. पालक म्हणतात, मॅडम, अभ्यासात लक्षच नाही. लक्ष द्यायला जागं असावं लागतं.

उपाय अगदी घरगुती आहे. फोनला रात्रीची ठरलेली जागा हवी. ओट्यावर, पुढच्या खोलीत, कुठेही, पण अंथरुणापासून लांब. चार्जर तिथेच लावून ठेवायचा, आणि घरातले सगळे फोन तिथेच जायचे, आईबाबांचेसुद्धा. "मग गजर कशावर लावू?" हा प्रश्न हमखास येतो, त्यासाठी बाजारातून गजराचं साधं घड्याळ आणायचं. उन्हाळ्यात आपल्याकडे पथाऱ्या गच्चीवर जातात. तेव्हा पाण्याच्या तांब्यासोबत फोनही वर जातो, आणि चांदण्यात चादरीखाली निळा उजेड दिसू लागतो. त्या दोन महिन्यांत हा नियम जास्त सांभाळावा लागतो.

उन्हाळ्याचं आणखी एक आहे. "फोन ठेव आणि बाहेर खेळायला जा" हे पुण्या-नाशिकच्या लेखात ठीक आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, अकरा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते. अशा वेळी फोन काढून घ्यायचा आणि बदल्यात काहीच द्यायचं नाही, हे चालत नाही. पापड-कुरडयांच्या कामाला हाताशी घेणं, कॅरमचा जुना बोर्ड पावडर टाकून खाली काढणं, दुपारी एक तास आजीकडून अहिराणी म्हणी फोनवर रेकॉर्ड करून घेणं, असं काहीतरी हवं. हे शेवटचं माझ्या वर्गाने केलं होतं. तेवढा वेळ फोन पोरांच्या हातातच होता, पण काम ती करत होती आणि आजी खुशीत होती. फोन हातात आहे यापेक्षा पोरगं त्यावर काय करतंय, हे बघायला हवं.

अगदी लहान मुलांचं मात्र थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की एका वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. घास भरवताना समोर फोन धरायची सवय लावूच नये.

फोटो, अनोळखी माणूस आणि आपली मुलगी

आता त्या दहावीतल्या मुलाकडे परत येते. त्याला फसवणाऱ्याने आधी काय केलं? त्याच्या मित्रांची यादी उतरवून घेतली. खातं सगळ्यांना खुलं होतं, त्यामुळे ती यादी कुणालाही दिसत होती. खातं ‘प्रायव्हेट’ असतं तर धमकीतला अर्धा जोर तिथेच गेला असता.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये ‘टीन अकाउंट’ आणलं, २०२५ मध्ये ते भारतातही आलं. त्यात खातं आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज करता येत नाही, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. कुंपण चांगलं आहे. पण आपली पोरं खातं उघडताना जन्मसाल २००० टाकतात. ॲपला वाटतं हा पंचविशीतला बाप्या आहे, आणि कुंपण लागतच नाही. तेव्हा आज संध्याकाळी मुलाजवळ बसून एवढंच विचारा: इन्स्टावर तुझं वय किती आहे? मग जन्मसाल दोघांनी मिळून खरं करून घ्या.

मुलींबद्दल बोलताना मला राग आवरत नाही. हल्ली कुणाच्याही डीपीवरचा एक स्पष्ट फोटो घेऊन एआयच्या मदतीने घाणेरडा फोटो तयार करता येतो. मुलीने काहीच केलेलं नसतं. तरी गावात चर्चा होते तिचीच. फोन बंद होतो तिचा, कॉलेज सुटतं तिचं, आणि स्थळं बघायला सुरुवात होते तिच्यासाठी. हे मी दोनदा जवळून बघितलंय. ज्याने तो फोटो केला तो मात्र चौकात गाडीवर बसलेला असतो. आणि एका मुलीला अशी शिक्षा झालेली शाळेतल्या बाकीच्या मुलींनी बघितली, की त्यांच्यातली एकही पुढे येऊन काही सांगत नाही. मग भामट्याला आयतं रान मोकळं.

मुलांना, म्हणजे मुलग्यांना, कायदा सरळ शब्दांत सांगायला हवा. अठरा वर्षांखालच्या कुणाचाही अश्लील फोटो किंवा व्हिडिओ बनवणं, पुढे पाठवणं, डाउनलोड करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "मी बनवला नाही, ग्रुपवर आला तो पुढे ढकलला" हा बचाव होत नाही. वर्गात हे सांगितलं की चार-पाच मुलं हळूच खाली बघतात. रागावण्यापेक्षा तेव्हाच सांगायचं: आत्ता डिलीट करा, ग्रुप सोडा, आणि ज्याने टाकला त्याचं नाव मला एकांतात सांगा.

असा फोटो पसरण्याआधी थांबवायची एक वाट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे, मोठ्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’. मुलं घाबरतात की तक्रार करायला तोच फोटो पुन्हा कुणालातरी पाठवावा लागेल. तसं नाही. फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो. त्यावरून अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक खूण तयार होते, जसा माणसाच्या अंगठ्याचा ठसा. ठशावरून चेहरा काढता येत नाही, पण तोच माणूस आहे का हे ओळखता येतं. ती खूण या सेवेत सामील झालेल्या कंपन्यांकडे जाते, आणि तसाच फोटो कुणी टाकला तर त्या तो ओळखून काढू शकतात. व्हॉट्सॲपसारख्या कुलूपबंद संदेशांत मात्र ही खूण चालत नाही.

घरचा बँकवाला

खान्देशातल्या कितीतरी घरांत पैशाचे ऑनलाईन व्यवहार शाळकरी पोरगंच करतं. आबांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, आईला इंग्रजी येत नाही, म्हणून पिन पोराला पाठ. त्यामुळे एकाच पोराला दोन बाजू असतात. फसवणुकीची वाट त्याच्यातूनच घरात येते, आणि घराचा राखणदारही तोच होऊ शकतो. त्याला चोर समजून पिन लपवण्यापेक्षा राखणदार करणं मला जास्त पटतं. अर्थात मोठी रक्कम असलेलं खातं यूपीआयला जोडूच नये. पिकाचे पैसे एका खात्यात, रोजच्या खर्चाचे दुसऱ्यात, आणि फोनवर फक्त दुसरं.

राखणदाराला दोन गोष्टी पक्क्या हव्यात. पहिली, यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही. "तुमच्या म्हशीचे पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असं म्हणणारा गिऱ्हाईक नाहीच. दुसरी गोष्ट एपीके फाईलची. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येते, कधी आरटीओचं चलन, कधी पीएम किसानची यादी. नावाच्या शेवटी एपीके असतं. फोटो किंवा पीडीएफ उघडली की दिसते. एपीके म्हणजे अख्खं ॲप, ते फोनमध्ये ‘बसवावं’ लागतं. पत्रिका बसवायची मागणी करत असेल तर ती पत्रिका नाही. एकदा ते बसलं आणि त्याला मेसेज वाचायची परवानगी मिळाली, की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी भामटा वाचतो. पाठवणारा ओळखीचा असला तरी भरवसा ठेवू नये, कारण बऱ्याचदा त्याचाच फोन आधी भामट्याच्या ताब्यात गेलेला असतो आणि फाईल त्याच्या नावाने आपोआप पुढे निघालेली असते.

बारावीनंतरच्या मुलांसाठी एक वेगळा सापळा आहे. कॉलेजच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणतं, तुझं बँक खातं आणि सिम महिनाभर दे, दर व्यवहारामागे पैसे सुटतील. लुटलेला पैसा फिरवायला अशी भाड्याची खाती लागतात. पोलीस माग काढत येतात ते आधी त्या खात्याच्या मालकाच्या दारात. नोकरीसाठी पोलीस पडताळणी लागेल तेव्हा ही एक चूक आडवी येते, आणि आपल्याकडे तर निम्मी मुलं भरतीचीच तयारी करतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आलीय. कौशल्याचा खेळ म्हणून जाहिरात केली तरी. तरीही टेलिग्रामवरून कुणी तसली लिंक देत असेल, तर तिथे बुडालेला पैसा मागायला जायचं कुठे?

सांगितल्यानंतरची पाच मिनिटं

समजा, पोरगं आलं आणि त्याने सांगितलं. त्या पाच मिनिटांत तुम्ही काय बोलता, त्यावर पुढची पाच वर्षं ते तुम्हाला काही सांगेल की नाही हे ठरतं. "तुला किती वेळा सांगितलं होतं" हे वाक्य गिळायचं. पाणी द्यायचं, आणि म्हणायचं: "घाबरू नको, मी शे. फोन काढून घेणार नाही. आधी हे निस्तरू." चुकीबद्दल बोलायचं असेल तर ते चार दिवसांनी, जेवण झाल्यावर.

मग पैसे देणं थांबवायचं. एकदा दिले की समोरच्याला कळतं, हे झाड हलवलं की बोरं पडतात. चॅट डिलीट करायचं नाही, मुलं लाजेपोटी नेमकं तेच करतात. प्रोफाईलचं नाव, नंबर, यूपीआय आयडी, व्यवहाराचा क्रमांक या सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढायचे आणि त्यानंतर ब्लॉक करायचं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावायचा. हा देशभराचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे, बँका त्याला जोडलेल्या आहेत. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवत शेवटी एटीएममधून काढला जातो. तो अजून एखाद्या खात्यात असेल तर तिथेच अडवता येतो, काढला गेला तर हात रिकामे. म्हणून पहिले काही तास मोलाचे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार देता येते, आणि लहान मुलांच्या अश्लील चित्रफितींची तक्रार तिथे नाव न सांगताही होते. जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात गेलात तरी चालतं.

पोरगं खात नसेल, झोपत नसेल, "मी नसतो तर बरं" असं काही बोलत असेल, तर पैशाचं आणि तक्रारीचं नंतर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक कधीही लागतो, मुलांसाठी १०९८ आहे. त्या रात्री त्याला एकटं झोपवू नका.

घराचे नियम करताना पोरांना त्यात धरलं तर ते टिकतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये गावभराचा नियम केला: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. तो टिकला, कारण तो एकट्या पोरांवर लादलेला नव्हता, भोंगा सगळ्या गावासाठी वाजत होता. ‘फॅमिली लिंक’सारखं गुगलचं ॲप लावून मुलाच्या फोनची वेळ आणि ॲप ठरवता येतात, लहान वयात ते उपयोगी आहे. पण लावताना त्याच्यासमोर बसून लावा. चोरून लावलेलं त्याला कळतंच, आणि मग ते दुसरा फोन शोधतं, तो बहुधा शेजारच्या दादाचा असतो.

त्या मुलाच्या वडिलांना मी शाळेत बोलावलं, तेव्हा ते शेतातून थेट आले होते, शर्टाला कापसाचे तंतू तसेच. त्यांना बाहेर ओट्यावर बसवून आधी मीच सगळं सांगितलं आणि हात जोडून म्हटलं, आबा, आज फक्त फोन घेऊ नका. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग आत जाऊन पोराच्या पाठीवर हात ठेवला. तिथूनच १९३० ला फोन लावला. शेवटच्या वेळी पाठवलेले पैसे एका खात्यात अडकवून ठेवता आले, आधीचे दोन्ही वेळचे गेले. रेकॉर्डिंग कुणालाही गेलं नाही.

पौषात एक दिवस आबा शाळेच्या फाटकाशी दिसले. मला वाटलं पुन्हा काही झालं की काय. तर त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. पाहुण्यांकडून लग्नाची पत्रिका आली होती, अजून न उघडलेली.

"पोऱ्याले दाखाडी," ते म्हणाले, "तो म्हने, आबा, हाई उघडू नका. आधी त्यासले फोन करी इचारा."